दंड भरला, पण लायसन्स कुठाय? ड्रिंक अँड ड्राइव्हनंतरच्या ‘क्लास’विषयी

ड्रिंक अँड ड्राइव्हच्या केसमध्ये कोर्टात उभा राहिलेला माणूस वकिलाला दोनच प्रश्न विचारतो. दंड किती? आणि आजच्या आज संपेल ना? बऱ्याचदा संपतंही. गुन्हा कबूल केला, दंड भरला, पावती खिशात टाकली आणि स्वारी कँटीनमध्ये चहाला. तिसरा प्रश्न तीन-चार महिन्यांनी फोनवर येतो. “वकीलसाहेब, दंड तर तेव्हाच भरला होता ना? मग लायसन्स अजून सस्पेंड का दाखवतंय?”

मी मुंबईच्या उपनगरातल्या मॅजिस्ट्रेट कोर्टांत वकिली करतो. हा फोन इतक्यांदा येतो की उत्तर एकदाच नीट लिहून ठेवावं म्हटलं. दंड कोर्टाचा असतो, लायसन्स आरटीओचं. कोर्टाची पावती आरटीओच्या खिडकीवर दाखवून लायसन्स परत मिळत नाही. त्या खिडकीपर्यंत पोचायच्या वाटेवर एक वर्ग आहे आणि तो केल्याशिवाय लायसन्स परत द्यायचं नाही असं कायदाच सांगतो. नाकाबंदीवर हे कोणी सांगत नाही, कोर्टातही कोणी सांगत नाही. आमच्यातले काही वकीलही सांगत नाहीत, कारण त्यांचं काम दंडाच्या पावतीपाशी संपलेलं असतं.

आधी त्या रात्रीचं

हा भाग बहुतेकांना माहीत असतो, म्हणून पटकन उरकतो. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम १८५. रक्ताच्या १०० मिलीलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा झाला. “पण माझा गाडीवर पूर्ण ताबा होता” हे वाक्य मी रोज ऐकतो. अमली पदार्थांच्या केसमध्ये ताबा होता की नव्हता याला अर्थ आहे. दारूच्या बाबतीत नाही. तिथे आकडा हाच गुन्हा. गाडी चालवलीच पाहिजे असंही नाही, चालवायचा प्रयत्नही पुरतो. बाइक, स्कूटर, रिक्षा, टेम्पो, सगळं त्यात आलं.

फुंकायला सांगितलं की नवी, पाकीटबंद नळी मागा. त्यात काही गैर नाही आणि पोलीसही सहसा आढेवेढे घेत नाहीत. आकडा छापून येतो त्या चिठ्ठीवरची वेळ आणि रीडिंग वाचूनच सही करा. माउथवॉश किंवा खोकल्याचं औषध नुकतंच घेतलं असेल तर तसं तिथल्या तिथे सांगा, चूळ भरा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकू द्या म्हणा. तोंडात राहिलेलं अल्कोहोल तेवढ्या वेळात उडतं, रक्तातलं उडत नाही. फुंकायला नकार देऊन सुटता येईल असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. कारण नसताना दिलेला नकार कलम २०५ खाली तुमच्याच विरोधात वापरता येतो, आणि अटक झाली तर रक्ताचा नमुना घ्यायची तरतूद कलम २०४ मध्ये आहे. महिलेचा नमुना पुरुष डॉक्टर घेणार असेल तर दुसरी महिला समोर असावीच लागते. अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर सोडावं लागतं, हेही कायद्यात लिहिलेलं आहे.

शेजारच्या सीटवरच्या मित्रासाठी एक गोष्ट. “चल रे, काही होत नाही, घरापर्यंत तर जायचंय” म्हणणारा तो असेल, तर कलम १८८ प्रमाणे चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे.

कोर्टात काय होतं

ही केस ॲपवर पैसे भरून मिटत नाही. सिग्नल तोडल्याचं ई-चलान फोनवर भरता येतं, कलम १८५ चं येत नाही. कोर्टात जावंच लागतं. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुढच्या प्रत्येक गुन्ह्याला १५,००० किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिला दंड जास्तीत जास्त २,००० होता, म्हणून वाडीतले काका अजून “दोन हजारात मिटतं रे” असं सांगतात. काकांचं ऐकू नका. काही मॅजिस्ट्रेट दंडासोबत कोर्ट उठेपर्यंतची कैद देतात. म्हणजे संध्याकाळपर्यंत कोर्टाच्या खोलीत बाकावर बसून राहायचं. ऐकायला हलकं वाटतं, पण कागदावर ती शिक्षाच असते. पुढे नोकरीच्या फॉर्ममध्ये ‘कधी शिक्षा झाली आहे का’ असा रकाना आला की तो बाक आठवतो.

लायसन्सचा वेगळा रस्ता

कलम २०६ प्रमाणे पोलीस त्या रात्रीच लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात. बदल्यात पोच मिळते, ती जपून ठेवा. आरटीओ तुम्हाला नोटीस काढून बाजू मांडायची संधी देते. नोटीस येते लायसन्सवरच्या पत्त्यावर. तुम्ही बोरिवलीहून विरारला शिफ्ट झालात आणि पत्ता बदलला नाही, तर नोटीस जुन्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे पडून राहते आणि तुम्ही गैरहजर धरले जाता. हे फार वेळा होतं.

सुनावणीनंतर कलम १९ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला तीन महिने लायसन्स निलंबित, दुसऱ्याला रद्दच. हे तीन महिने आकाशातून पडलेले नाहीत. रस्ता सुरक्षेवर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०१५ मध्येच सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की दारू पिऊन चालवणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. २०१९ मध्ये ते कायद्यात आलं आणि त्याबरोबर आणखी एक पोटकलम आलं: निलंबनाची मुदत संपल्यावरही लायसन्स परत मिळेल ते चालकांचं उजळणी प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केल्यावरच. तीन महिने संपले म्हणजे लायसन्स आपोआप जिवंत झालं असं नाही. माझ्या फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

‘क्लास’ म्हणजे नेमका कुठला?

इथे गोंधळ होतो, कारण लोक तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात.

पहिला हा आरटीओचा उजळणी वर्ग. तो परवानाधारक ड्रायव्हिंग स्कूल किंवा केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या संस्थेत करायचा असतो. यात मुद्दा व्यसनाचा नसतो, गाडी चालवण्याचा असतो: नियम, चिन्हं, लेनची शिस्त, अपघाताची कारणं, प्रथमोपचार, रस्त्यावरचा राग. दारू हा त्यातला एक विषय. हेल्मेट न घालणाऱ्यांनाही त्याच समितीने किमान दोन तासांचं समुपदेशन सांगितलं होतं, त्यामुळे एखाद्या बॅचमध्ये तुमच्या शेजारी बिनहेल्मेटवालाही बसलेला दिसला तर नवल वाटून घेऊ नका.

दुसरा प्रकार कोर्टाने घातलेल्या अटीचा. जामीन देताना किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सोडताना कोर्ट अटी घालू शकतं. समुपदेशनाला जा, अमुक ठिकाणी सेवा दे, असं काहीही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा केसमधल्या एका तरुणाला जामीन देताना वरळी नाक्याच्या सिग्नलवर दर शनिवार-रविवारी तीन तास ‘दारू पिऊन गाडी चालवू नका’ असा फलक घेऊन उभं राहायला सांगितलं होतं, तेही तीन महिने. आणि मे २०२४ मधल्या पुण्याच्या पोर्शे अपघातानंतरचा तो ३०० शब्दांचा निबंध कोणाला आठवत नाही? लोक अजून समजतात की ती शिक्षा होती. ती बाल न्याय मंडळाने अल्पवयीन मुलाला जामीन देताना घातलेली अट होती, शिक्षा नव्हे. फरक मोठा आहे. अट मोडली तर जामीन जाऊ शकतो, पण अट पाळली म्हणून केस संपत नाही.

नव्या भारतीय न्याय संहितेत ‘सामुदायिक सेवा’ ही शिक्षा आली आहे, १ जुलै २०२४ पासून. दारू पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा घालणाऱ्याला ती देता येते. पण कलम १८५ हे मोटार वाहन कायद्यातलं, आणि त्यात शिक्षा कैद आणि दंड हीच. तेव्हा “साहेब, मी झाडं लावतो, दंड नको” असं मॅजिस्ट्रेटपुढे म्हणून उपयोग नाही. एकाने म्हणून पाहिलं होतं.

तिसरा प्रकार उपचाराचा. तो कोणी लादो न लादो, ज्याला गरज आहे त्याने जावं असा. त्याकडे पुढे येतो.

हैदराबादच्या पोलिसांची पद्धत मला यात जास्त शहाणपणाची वाटते. तिथे पकडलेल्याला कोर्टात उभं करण्याआधी वाहतूक प्रशिक्षण संस्थेत समुपदेशनाला बोलावतात, आणि एकट्याला नाही, घरच्या माणसाला घेऊन. बायको किंवा वडील शेजारी बसलेले असताना “थोडीशीच घेतली होती” म्हणायला जीभ धजावत नाही.

वर्गाच्या खोलीत

अशा एका बॅचला मी अशिलासोबत मागच्या बाकावर बसलो होतो. खोली साधी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक प्रोजेक्टर, भिंतीवर वाहतूक चिन्हांचा फिकट तक्ता. पहिल्या रांगेत दोन रिक्षावाले, त्यांच्या मागे पाठीवरची बॅग मांडीवर घेतलेला डिलिव्हरीवाला पोरगा, इस्त्रीच्या शर्टातला बँकेचा माणूस आणि कोपऱ्यात एक रिटायर्ड काका, जे सारखे घड्याळ बघत होते. सुरुवातीला कोणी कोणाशी बोलत नाही. प्रत्येकाला वाटत असतं, बाकीचे बेवडे, मी फक्त नशिबाने पकडला गेलो. मग कोणीतरी सुरू करतो, “माझ्या पुढच्या फॉर्च्युनरला सोडलं आणि मला धरलं.” पाच मिनिटं सगळे पोलिसांना शिव्या घालतात. चांगला शिकवणारा हे थांबवत नाही. बोलू देतो आणि मग खडू उचलतो.

त्या दिवशीचा शिकवणारा चांगला होता. त्याने रक्ताचे, चेंदामेंदा झालेल्या गाड्यांचे फोटो दाखवले नाहीत. ते दाखवले की लोक फोन काढतात. त्याने फळ्यावर हिशोब मांडला.

विचारलं, एक स्ट्राँग बिअरची मोठी बाटली म्हणजे किती पेग? बँकवाला म्हणाला एक. रिक्षावाला म्हणाला, “बिअर काय दारू असते का?” मग हिशोब. ६५० मिलीलिटर, ८ टक्के अल्कोहोल, म्हणजे साधारण ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीचा ३० मिलीचा छोटा पेग, ४२.८ टक्के, म्हणजे साधारण १० ग्रॅम. एका बाटलीत चार पेग. खोली गप्प झाली. डिलिव्हरीवाल्या पोराने हळूच विचारलं, “सर, खरंच?”

पुढचा हिशोब रक्ताचा. सत्तर किलोच्या पुरुषाला एका छोट्या पेगने रक्तातला आकडा साधारण २० ने वाढतो. मर्यादा ३० ची. म्हणजे रिकाम्या पोटी पटापट घेतलेले दोन छोटे पेग तुम्हाला रेषेपलीकडे नेतात. पंचावन्न किलोच्या बाईला एकच छोटा पेग ३० च्या आसपास नेऊ शकतो, कारण वजन कमी आणि शरीरातलं पाण्याचं प्रमाणही कमी. जेवणाने वेग थोडा मंदावतो, अल्कोहोल नाहीसं होत नाही.

आणि उतरायला किती वेळ? यकृत साधारण ताशी १०० मिलीलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅमच्या आसपासच संपवतं. कोणाचं थोडं जास्त, कोणाचं थोडं कमी, पण घाई कोणाचंच करत नाही. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, बडीशेप, पान, कशानेही हा वेग बदलत नाही. पानाने पोलिसाच्या नाकाला चकवता येईल, पण यंत्र फुप्फुसातून येणारी हवा मोजतं. विड्याचा रंग नाही मोजत.

फळ्यावरचं शेवटचं गणित त्याने काकांसाठी ठेवलं होतं. काका पकडले गेले होते सकाळी. रात्री दहा ते एक बसले, एक क्वार्टर आणि एक स्ट्राँग बिअर. क्वार्टर १८० मिली म्हणजे सहा छोटे पेग, बिअरचे चार, एकूण दहा. दहा गुणिले वीस, दोनशे. सकाळी आठला नातवाला शाळेत सोडायला स्कूटर काढली. दहा तासांत दीडशे उतरले, राहिले पन्नास. काका झोपून, अंघोळ करून, देवाला हात जोडून निघाले होते, पण नियमाच्या दीडपटीहून जास्त होते. “म्हणजे मी प्यायलेलोच होतो?” त्यांनी विचारलं. त्या दिवशी घड्याळाकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

हे आकडे फळ्यावर समजवायला ठीक आहेत. यावरून स्वतःसाठी ‘किती प्यायला चालेल’ असा उलटा हिशोब करू नका. वजन, पोट, औषधं, झोप, सगळ्यांनी तो चुकतो आणि नेमका चुकीच्या दिशेला चुकतो.

यानंतर चष्मा आला. तो घातला की प्यायल्यासारखं दिसतं, जमिनीवर ओढलेली रेघ दोन ठिकाणी दिसते. त्या रेघेवरून चालायला लावतात. सगळे हसतात, पाय वाकडे पडतात, आणि मग शिकवणारा सांगतो की ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ब्रेक दाबायला एक सेकंद उशीर झाला तर १७ मीटर उशीर झाला. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर रात्री ६० ने कोण चालवतं म्हणा.

वांद्र्याच्या कार्टर रोडवरच्या अपघाताचा विषय कोणीतरी काढतोच. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जण मेले. चालकाच्या रक्तात ११२ मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल होतं, म्हणजे फळ्यावरच्या हिशोबात नुसत्या एका क्वार्टरच्या (सहा गुणिले वीस, एकशेवीस) थोडंसं खालीच. उच्च न्यायालयाने दिलेली तीन वर्षांची शिक्षा २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. त्या आकड्याला माणूस लडखडत नसतो, उलट मस्त बोलत असतो. मित्र म्हणतात, “एकदम नॉर्मल आहे तो.”

दहा प्रश्नांचा कागद

समुपदेशन नीट चालवलं जात असेल तर एक प्रश्नावली हातात मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली, दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, सुरू केल्यावर थांबता येत नाही असं गेल्या वर्षात झालं का, सकाळी उठून घ्यावी लागली का, रात्रीचं काही आठवत नाही असं झालं का, घरच्यांनी किंवा डॉक्टरने कमी करा असं म्हटलं का. आठ किंवा जास्त गुण म्हणजे पिणं धोक्याकडे झुकलेलं. वीस किंवा त्याच्या वर गेलं तर तज्ज्ञाकडे पाठवतात.

लोक इथे खोटं लिहितात. स्वाभाविक आहे, वाटतं हा कागद कोर्टात जाईल. मी अशिलांना सांगतो, आधी विचारा की हा कागद कोणाकडे राहणार. समुपदेशकाकडेच राहणार असेल तर खरं लिहा. आणि विचारायची लाज वाटत असेल तर घरी बसून स्वतःच लिहा, कोणी बघत नाही.

गुण जास्त निघाले तर वर्गाने काही होणार नाही. ज्याला व्यसन लागलंय त्याला ट्रॅफिकची चिन्हं पाठ करून काय मिळणार? अशांसाठी महाराष्ट्रात जागा आहेत. पुण्यात १९८६ पासून चाललेलं मुक्तांगण आहे, केईएमसारख्या मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांतले मानसोपचार विभाग आहेत, आणि मुंबईत मराठीतून चालणाऱ्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा आहेत, जिथे फी नाही आणि आडनाव विचारत नाहीत. फोनवरच बोलायचं असेल तर राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, टोल फ्री. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एका झटक्यात स्वतःहून बंद करू नये, आधी डॉक्टरला भेटावं. फेफरं येणं, भ्रम होणं हे खरंच होतं आणि जिवावर बेतू शकतं.

तिकडे अमेरिकेत शिकणाऱ्या पोरांसाठी

मुंबईतली अर्धी मराठी घरं आता न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात पण राहतात, म्हणून हा परिच्छेद. तिकडे ‘कोर्टाने सांगितलेला वर्ग’ ही जुनी, घट्ट बसलेली व्यवस्था आहे आणि तिचा खर्च पकडलेलाच भरतो. कॅलिफोर्नियात पहिल्या गुन्ह्याला साधारणपणे तीन महिन्यांत ३० तासांचा कार्यक्रम असतो, आकडा खूप जास्त असेल तर नऊ महिन्यांचा, दुसऱ्या गुन्ह्याला अठरा महिन्यांचा. न्यू यॉर्कमध्ये सात आठवडे, एकूण १६ तास. बऱ्याच ठिकाणी अपघातात मूल किंवा भाऊ गमावलेली माणसं समोर उभी राहून बोलतात आणि वर्गातल्यांनी फक्त ऐकायचं असतं.

तिथली मर्यादा बहुतेक राज्यांत ८० मिलिग्रॅमची, आपली ३० ची. हे ऐकून कोणी “बघा, तिकडे चालतं” म्हणेल. तिकडे पकडल्यावर काय चालतं ते व्हिसावरच्या पोराला विचारा. दारू पिऊन चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी अमेरिकी परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं, शिक्षा व्हायची वाट न बघता. पोराने घरी फोन करून “काही नाही, एक क्लास आहे फक्त” असं सांगितलं तर आईवडिलांनी आधी इमिग्रेशनचा वकील विचारावा.

पैशाचं आणि पोटाचं

दंडाच्या दहा हजारांहून मोठा फटका विम्याचा. मोटर पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा चालक नशेत असेल तर नाकारता येतो, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. फुंकण्याची चाचणी झालीच नसेल तरी इतर पुराव्यांवरून विमा कंपनी नशा सिद्ध करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीतल्या एका पोर्शेच्या केसमध्ये सांगितलं. म्हणजे अपघातानंतर पळून जाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांत हजर होणाऱ्याची हुशारी तिथे कामाला येत नाही.

आणि हे तीन महिने सगळ्यांना सारखे नसतात, हे कायदा लिहिणाऱ्यांना सुचलेलं दिसत नाही. बँकेचा माणूस तीन महिने ॲपवरून कॅब बोलावतो, फार तर वैतागतो. पहिल्या रांगेतल्या रिक्षावाल्याचं लायसन्स गेलं म्हणजे बॅजही गेला. शिफ्टची रिक्षा मालक दुसऱ्याला देतो, आणि तीन महिन्यांनी ती परत मिळेल याची खात्री नसते. मग तो काय करतो? चालवतोच, बिनलायसन्सचा. हे करू नका असं सांगणं मला सोपं आहे, तरी सांगतो, कारण निलंबित लायसन्सवर चालवलं तर कलम १८२ लागतं: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. त्या काळात अपघात झाला तर विमाही बोंबलला. सुनावणीच्या दिवशी आरटीओसमोर पोटापाण्याचा मुद्दा लेखी मांडा. कायद्याने तिथे तुमचं ऐकून घेणं बंधनकारक आहे, आणि जे मांडलंच नाही ते कोण ऐकणार?

जाताना काय काय लागतं

वर्गाला निघताना आरटीओचा आदेश, आधार, जप्तीची पोच आणि कोर्टाच्या निकालाची किंवा दंडाच्या पावतीची झेरॉक्स सोबत ठेवा. पूर्ण वेळ बसा. अर्ध्यातून उठलेल्याला प्रमाणपत्र मिळत नाही, आणि ‘यशस्वीपणे पूर्ण’ हे शब्द कायद्यातच आहेत. आदल्या रात्री पिऊ नका, वर फळ्यावरचा हिशोब वाचला असेल तर कारण सांगायला नको. “हजार रुपये द्या, सर्टिफिकेट घरपोच” म्हणणारा एजंट आरटीओच्या गेटबाहेर भेटेल. त्याच्या कागदावरचा शिक्का खोटा निघाला तर दहा हजारांची केस फसवणुकीची होते आणि मग मला खरंच काम मिळतं.

प्रमाणपत्र मिळालं की ते आरटीओत जमा करून पोच घ्या. कोर्टाने अट घातली असेल तर एक प्रत कोर्टातही अर्जासोबत लावा. कोर्ट आणि आरटीओ एकमेकांना कळवतील या भरवशावर राहू नका. नंतर सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर, लायसन्सचा नंबर टाकून स्थिती तपासा. तीन महिने उलटून गेले तरी तिथे निलंबित दिसत असेल, तर गाडी बिल्डिंगखालीच राहू द्या. आणि वर्गाला लोकलने जा. प्रत्येक बॅचला कोणीतरी निलंबित लायसन्सवर बाइक घेऊन येतो आणि ती गेटसमोरच, ट्रॅफिक हवालदाराच्या पुढ्यात लावतो.